कार्तिकातली मोहफुलं

"आ कर."

मी आ केला.

"अजून मोठा."

अजून मोठा केला. लांजेवार सरांनी खिशातली छोटी बॅटरी पेटवली आणि माझ्या तोंडात उजेड पाडला. सहावीचा अख्खा वर्ग वाकून वाकून बघत होता. माझी वरची एक दाढ तेव्हा किडलेली होती, आणि ती आता सगळ्यांना कळणार म्हणून मला लाज वाटत होती. दुसरी कशाची लाज वाटायला हवी होती, ते मला माहीतच नव्हतं.

"जीभ वर कर. हं. आता डावीकडचा गाल." सरांनी बॅटरी विझवली. "गिळला."

"काय गिळलं, सर?"

"ते तूच सांग. तिसरी वेळ आहे ही, करिश्मा कुमोटी. माझं लक्ष नसतं असं वाटतं तुला? मी फळ्याकडे तोंड करून गोदावरी काढतोय आणि तू इकडे रवंथ करतेस. डोळे असे तारवटलेले. आवाज दिला तर ओ नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "खर्रा!" आणि वर्ग फिस्सकन हसला.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तुम्ही लांबचे असाल तर सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोट घोट घोटायचा आणि गालात धरायचा. म्हातारे खातात, नवरदेव खातात, आणि खोटं कशाला बोलू, शाळेतली पोरंही खातात. लांजेवार सर आमच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी स्वतः वीस वर्षं खाल्ला आणि त्या पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून सोडला. तेव्हापासून त्यांना जगातल्या प्रत्येक गालात खर्रा दिसायचा. फाटकावर त्यांनी पाटी रंगवून घेतली होती, 'खर्रामुक्त आश्रमशाळा'. नियमही केला होता. पहिल्यांदा सापडलं तर कान धरून मैदानाला फेरी. दुसऱ्यांदा सापडलं तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर नाव. तिसऱ्यांदा बापाला बोलावणं, आणि शाळेतून नाव कमी.

माझी फेरी झाली होती. प्रार्थनेत नावही घेऊन झालं होतं.

आणि मी जन्मात एकदाही खर्रा खाल्ला नव्हता.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता सोळाची आहे आणि अकरावीत आहे. तेव्हा सांगता आलं नव्हतं ते आता सांगते, कारण आता मला सांगता येतं. नुसतं येत नाही, थांबवता थांबत नाही, असं आमच्या होस्टेलच्या मुली म्हणतात.

सर गोदावरी काढत होते तेव्हा मी कुठं होते? मी मोहाखाली होते.

आधी वास यायचा. नेहमी वासच आधी. गोड, जड, थोडासा आंबूस. मोहाची फुलं पहाटे टपटप गळून पडतात आणि सगळं रान त्या वासानं भरून जातं ना, अगदी तसा. मोह फुलतो होळीच्या सुमारास. आणि हा वास यायचा भर कार्तिकात, आमच्या पत्र्याच्या वर्गात, खडूच्या धुळीत. मग फळा पातळ व्हायचा. पातळ म्हणजे पाण्यातून बघावा तसा. सरांचा आवाज लांब जायचा, पार टेकडीपलीकडे, आणि वरून फुलं पडायला लागायची. मऊ, पिवळट पांढरी, रसानं भरलेली. आवाज न करता. मला कळायचं की हे आधी झालेलं आहे, अगदी असंच, हेच फूल, हाच उजेड. आता पुढं काय होणार तेही मला माहीत आहे, आत्ता आठवेल, आत्ता...

आणि कुणीतरी म्हणायचं, "आ कर."

गोदावरी पैठणला पोचलेली असायची. मला ती नाशिकपाशी आठवायची.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि डिली पायरीवर बसलो. डिली म्हणजे डिलेश्वरी, माझ्या शेजारच्या पलंगावरची. तिचं गाव छत्तीसगडच्या हद्दीला लागून, त्यामुळे ती भांडताना छत्तीसगढीत भांडायची आणि रुसताना मराठीत रुसायची. माझी पेटी उईके मॅडमनी तपासली होती. मॅडम आमच्या अधीक्षिका. पेटीत दोन फ्रॉक, कंगवा, साबणाची चकती आणि ग्रंथालयाचं पुस्तक निघालं. सर म्हणाले, "हुशार आहे. पेटीत ठेवत नाही."

"डिली, मी खरंच चावून रायली होती का वो?"

"मग? अशी." डिलीनं तोंड हलवून दाखवलं, ओठ मिटून, बकरीसारखं. "आणि हात असे." तिनं आपल्या फ्रॉकच्या काठावरून काहीतरी चिमटीनं उचलल्यासारखं केलं. उचललं, बाजूला ठेवलं. उचललं, बाजूला ठेवलं.

"हे काय?"

"मले का मालूम! तूच करतेस. मी तुले चिमटा बी काढला. तू काही नाही."

"किती वेळ?"

डिलीनं विचार केला. "सरांनी नाशिकपासून पैठण काढलं तेवढा वेळ."

मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग, कोण देते तुले खर्रा? मी कोणाले सांगत नाही."

माझी सख्खी मैत्रीण! मी तिच्याशी अर्धा तास बोलले नाही. अर्ध्या तासानंतर ती म्हणाली, "बरं बाई, नाही खात तू. उंटाचं वाच."

उंटाचं म्हणजे ते ग्रंथालयाचं पुस्तक. वाळवंटात हरवलेला उंट आणि त्याला शोधणारी मुलगी. हसू नका, पण सहावीत जाईपर्यंत मला वाचता येत नव्हतं. अक्षर ओळखायचे आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे अनोळखी पाहुण्यासारखं बघायचं. पाढे तर विचारूच नका. बाई म्हणायच्या, डोक्यात गोटे आहेत. पण त्या पावसाळ्यात काय झालं कोण जाणे, अक्षरं जागेवर बसायला लागली. हळूहळू, एक एक, दिवस मावळल्यावर शेळ्या घरी येतात तशी. मी रोज एक पान डिलीला वाचून दाखवायची. त्या संध्याकाळी आम्ही एकतिसाव्या पानावर होतो. उंट एका कोरड्या विहिरीपाशी उभा होता आणि मुलगी टेकडीच्या पलीकडे होती. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं.

"नाव कमी केलं तर बत्तिसावं पान कोण वाचणार?" डिली म्हणाली.

बस, तेवढंच. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. घरी गेले की शेळ्या, आणि शेळ्यांकडे पुस्तकं नसतात.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. आमचं गाव शाळेपासून चौदा किलोमीटर, सगळी रानवाट. खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला, आणि हातात माझ्यासाठी भाजलेल्या शेंगांची पुडी. ऑफिसात सर खुर्चीवर, उईके मॅडम कपाटापाशी, मी भिंतीला टेकून. बाबांना सरांनी बसायला सांगितलं, तरी ते उभेच राहिले.

सरांनी सगळं सांगितलं. तारवटलेले डोळे, चावणं, ओ न देणं. मधेच कसंतरी फ्रॉकवरून हात फिरवणं. बाबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं आता ते सरांवर ओरडणार. म्हणणार, माझी पोरगी असली नाही. मी भिंत सोडून ताठ उभी राहिले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग सरांकडे वळून म्हणाले, "मीच देतो, सर."

"काय?"

"खर्रा. मीच देतो तिले. दिवाळीत घरी आली तेव्हा सवय लागली. चूक माझी आहे."

"बाबा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

सर तर हातातलं पेनच विसरले. असा कबूल करणारा बाप त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. उईके मॅडम म्हणाल्या, "सर, एक सांगू? मी रोज या पोरींच्या वेण्या घालते. हिच्या तोंडाला मला कधी तंबाखूचा वास आला नाही."

"मग काय, बाप खोटं बोलतोय?" सर म्हणाले. "कुठला बाप असं खोटं बोलेल, मॅडम? आणि कशासाठी?"

बाबांनी नाव कमी करायच्या अर्जावर सही केली. त्यांना 'सुकराम' एवढंच लिहिता येतं, आणि त्या दिवशी तर 'म' अर्धवटच राहिला. पुस्तक ग्रंथालयात परत गेलं. डिली व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारून उभी होती. तिनं हात हलवला नाही, खांबच हलवायचा प्रयत्न करत असल्यासारखी दिसत होती.

बाबांनी माझी पेटी खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो.

मी बोलणार नव्हते. नाला येईपर्यंत बोलले नाही. नाल्यात पाय बुडवल्यावर मात्र सुटलेच.

"तू खोटा कायले बोललास?"

बाबा पाण्यातून पुढं चालत राहिले.

"तू मले कधी खर्रा देल्लास? सांग ना! तू तर मले पन्नीले बी हात लावू देत नाहीस. आता सारी शाळा म्हणन का हिचा बापच..."

"म्हणू दे."

"कायले म्हणू दे?"

"पाय सांभाळ. शेवाळ आहे."

मोठ्या माणसांचं हे असंच असतं. आपण फुटायला आलेलो असतो आणि त्यांना शेवाळ दिसतं. मी शेंगांची पुडी रागानं नाल्यात टाकणार होते, पण भूक लागली होती. खात खात, फुरफुरत मी त्यांच्या मागं चालले. दुपार कलत होती. धान कापून झालेल्या बांध्या पिवळ्या पडल्या होत्या. मग रान लागलं. साग, ऐन, बांबू, आणि मधे मधे मोह. हिरवेगार, नुसत्या पानांचे. फूल कुठून असणार, फुलांना अजून चार महिने होते.

एका मोठ्या मोहापाशी बाबांनी वाट सोडली आणि लांबून वळसा घालून जायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते नेहमीच तसं करतात. त्या झाडाखालून मला त्यांनी कधी नेलेलंच नव्हतं.

मी मुद्दाम सरळ गेले. झाडाखालून.

आणि वास आला.

"बाबा," मी म्हटलं. आता राग वगैरे कुठच्या कुठं गेला होता, सगळं मऊ मऊ झालं होतं. "बाबा, वास येऊन रायला."

"कशाचा?"

"मोहफुलांचा."

पेटी पडल्याचा आवाज झाला. खूप लांबून झाला, जणू दुसऱ्याच कुणाची पेटी दुसऱ्याच रानात पडली. वर बघितलं तर पानांतून फुलं सुटली होती. शेकडो. एकही आवाज करत नव्हतं. मी हात पसरले. हे आधी झालेलं आहे. हेच झाड. मी लहान आहे, खूप लहान, माझ्या तोंडात फूल आहे आणि ते गोड आहे. कुणीतरी जवळच आहे, पाठमोरं, वाकलेलं, फुलं वेचतंय. मी हाक मारते आहे, पण हाक बाहेर येत नाही. ते मागं वळून बघेल. आत्ता बघेल. आत्ता...

जागी झाले तेव्हा माझं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. त्यांनी दुपट्टा नाल्याच्या पाण्यात भिजवून माझ्या कपाळावर ठेवला होता, म्हणजे ते धावत जाऊन आले असणार. त्यांचा हात माझ्या मुठीत होता आणि माझी नखं त्यात रुतली होती.

"कोण आहे मी?" बाबांनी विचारलं.

"बाबा."

"तुजा नाव?"

"करिश्मा सुकराम कुमोटी, वर्ग सहावा, तुकडी... बाबा, तू रडून रायलास?"

"नाही."

रडत होते. आवाज न करता, त्या फुलांसारखे.

मग त्यांनी सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं. मी चार वर्षांची होते. याच झाडाखाली मला ताप भरला. मलेरिया, तोही डोक्यात गेलेला. सायकलवर बांधून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. नऊ दिवस मी डोळे उघडले नाहीत. दहाव्या दिवशी उघडले तर मला बाबा म्हणता येत नव्हतं. चालताही येत नव्हतं. सगळं पहिल्यापासून शिकले. हे काही मला ठाऊक नव्हतं. घरी एवढंच म्हणायचे की तू लहानपणी आजारी होतीस.

"डाक्टरीनबाईनं कागद देल्ला होता," बाबा म्हणाले. "म्हणे, ताप मेंदूत होता, त्याची खूण रायते. वर्षानं, चार वर्षानं बी पोरीले झटके येतील. का नुसतीच कुठं तरी पाहत राहील, चावल्यावानी करील. शिकाले कठीण जाईल. तसं काही दिसलं का घेऊन या, गोळ्या आहेत, म्हणे."

"मग नेलं कायले नाही?"

बाबा पेटीला लागलेली माती पुसायला लागले.

"माझी एक आत्या होती. सुकारो. तिले मिरगी होती, फिटा येत. लोकं तिले चुलीपाशी जाऊ देत नव्हते, का विहिरीपाशी. लग्नात बोलवत नव्हते. तिच्या भांड्यात कोणी पाणी पेत नव्हते. शेवटी ती गोठ्यातच राहे." ते थांबले. "सर सांगत होते तवा मले समजलं, हे तेच आहे. म्हटलं, खर्राच बरा. खर्रा सुटते, पोरी. मिरगीचा नाव सुटत नाही."

मी उठून बसले. डोकं दुखत होतं, तरी त्यातून एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती कळल्यावर मला इतका आनंद झाला की बाबांना वाटलं मला परत काहीतरी होतंय.

"म्हणजे मी मठ्ठ नाही!"

"का?"

"डोक्यात गोटे नाही माझ्या! तापाची खूण आहे! कागदावर लिहिलं आहे! बाबा, तो कागद कुठं आहे?"

"घरी."

"चल मग." मी पेटीची कडी धरली. "कागद घेऊ आणि उद्या शाळेत जाऊ. मले बत्तिसावं पान वाचाचं आहे."

बाबा हलले नाहीत. ते झाडाच्या बुंध्याकडे बघत होते.

"कागद दाखवला तर सारं सांगा लागन," ते म्हणाले.

"मग सांग ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कडी सोडून दिली. सांगण्यासारखं अजून काय उरलं होतं, ते मला कळेना.

घरी गेल्यावर बाबांनी आढ्याला खोचलेलं बांबूचं पोकळ कांड काढलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता. आईनं हातातली टोपली खाली ठेवली. "तो कायले काढून रायलास?"

"उद्या तू बी चल शाळेत. तिथंच सांगतो, साऱ्यांसमोर, एकदाच. दोन वेळा सांगणं माझ्याच्यानं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. लहान भावाला शेजारी ठेवलं. ऑफिस तेच, सर, उईके मॅडम, कपाट, मी भिंतीला टेकून. फक्त या वेळी बाबा खाली बसले, जमिनीवर, आणि टेबलाच्या पायाशी कागद उलगडला. घड्यांवर तो झिरझिरीत झाला होता.

"काल मी खोटा बोललो, सर. पोरगी खर्रा खात नाही."

मॅडमनी कागद उचलला आणि वाचला. आधी मनात, मग मोठ्यानं. झटके, तंद्री, विसरणं, शिकायला वेळ लागणं. वाचता वाचता त्या माझ्याकडे बघायच्या आणि परत कागदाकडे, जणू कुणी माझं चित्र काढून दिलं होतं आणि त्या ते ताडून बघत होत्या.

सर म्हणाले, "हे काल का नाही सांगितलंत?"

बाबांनी दुपट्टा मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालायला सुरुवात केली.

"त्या दिवशी हिची आई घरी होती. पोटुशी होती. मी हिले घेऊन मोह वेचाले गेलो, पहाटेच. हिचा अंग सकाळी थोडासा कोमट होता. म्हटलं, झोपेतून उठवली म्हणून असन. एक घडी खेळली, फुलं खाल्ली, मग झाडाखाली आडवी झाली. तोंड हलवत होती. हात असे असे, फुलं वेचल्यावानी. डोळे अर्धे उघडे." त्यांनी घडी मोडली, परत घातली. "मी हासलो, सर. मले वाटलं, लई फुलं खाल्ली, पोरीले झिंग आली. आमच्यात लेकरायले असं म्हणतातच. म्हटलं, झोपू दे. उन्ह आलं तशी तिले सावलीत सरकवली. मंग दुसऱ्या झाडाखालचे वेचले. मंग तिसऱ्या. फुलं लई होती त्या वर्षी."

बाबांनी दुपट्टा परत उलगडला.

"उन्ह डोक्यावर येईपर्यंत मी फुलं वेचत होतो. दोन टोपले भरले. मंग उठवाले गेलो."

आई म्हणाली, "तू तं म्हटलं होतंस, पडली तशीच उचलली."

"नाही."

"पडल्याबरोबर धावलो म्हणे तू."

"नाही, रमशिला. दोन टोपले भरले मी."

आई उठली आणि बाहेर गेली. व्हरांड्याच्या नळाचा आवाज आला. खूप वेळ आला. सर बॅटरीशी चाळा करत होते, पेटव, विझव, पेटव, विझव. मग त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ती बॅटरी टेबलाच्या खणात ठेवली आणि खण ढकलून बंद केला. मला तीनदा आ करायला लावलेली ती बॅटरी मी परत कधी पाहिली नाही.

आई आत आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं. ती बाबांकडे बघेल, काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. पण ती बाबांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली आणि त्यांच्या मांडीवरचा दुपट्टा ओढून घेऊन तोंड पुसलं.

"नियम तिसऱ्या वेळेचा आहे," सर घसा खाकरून म्हणाले. "इथं तर एकही वेळ झालेली नाही. मॅडम, ते नाव लिहून टाका परत." मग उठले. "मी मोटरसायकल काढतो. तालुक्याच्या दवाखान्यात आज मोठे डॉक्टर येतात. वहिनी, तुम्ही पोरीला मधे घेऊन बसा."

"मी पायी येतो," बाबा म्हणाले.

"तेवीस किलोमीटर आहे!"

"येतो."

आणि आले. संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर मी पहिली गोळी हातात घेऊन बसले होते, तेव्हा ते फाटकातून आत आले, टायरच्या चपला हातात घेऊन. एकीचा पट्टा तुटला होता.

एका गोळीनं काही जादू झाली नाही. गोळी बदलली, मग प्रमाण बदललं. वास यायचा, मग कमी यायचा, मग महिन्यातून एकदा. वर्गात डिली मला सांगायची, "आत्ता गेली होतीस, पैठणपर्यंत," आणि बुडालेल्या ओळी माझ्या वहीत लिहून ठेवायची. नावं ठेवणारे होतेच. एका पोरीनं माझ्या पेल्यातून पाणी प्यायला नकार दिला, तर डिलीनं तो पेला तिच्यासमोर घटाघट रिकामा केला आणि वर छत्तीसगढीत काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ तिनं मला अजून सांगितलेला नाही.

सातचा पाढा मला अजूनही येत नाही. माणसांची नावं विसरते. पण उंटाचं पुस्तक मी पूर्ण वाचलं. शेवट आठवत नाही, म्हणून परत वाचलं. चार वेळा वाचलंय, आणि चारही वेळा उंट सापडेल की नाही या भीतीनं माझा जीव वर-खाली झालाय. सांगा, असं सुख तुम्हाला मिळतं का?

आता दीड वर्ष झालं, अवेळी वास आलेला नाही. खरं सांगू? कधी कधी मला त्याची आठवण येते.

होळीच्या सुट्टीत मी घरी जाते. पहाटे आम्ही मोह वेचायला जातो, त्याच झाडाखाली. आता वळसा घालत नाही. आजूबाजूच्या झाडांखाली गावातली लेकरं असतात, आणि एखादं पेंगुळलेलं पोर आडवं झालं की बाबा हातातलं टोपलं टाकून जातात, त्याच्या कपाळाला हात लावतात आणि उठवतात. लोक चिडवतात, "सुकराम, झोपू दे ना लेकराले!" बाबा ऐकत नाहीत. पोर डोळे चोळत शिव्या देईपर्यंत हलवतात.

आणि मी उभी असते. वरून टपटप फुलं पडत असतात, अंधार निवळत असतो, आणि तो येतो. गोड, जड, आंबूस. मी हातातलं टोपलं खाली ठेवते.

"बाबा," मी विचारते. "वास येऊन रायला."

ते वाकलेले असतात, पाठमोरे. लगेच मागं वळून बघतात.

"हो पोरी," ते म्हणतात. "मले बी येऊन रायला."